मुंबई ते कराची : किती लांब, किती वेळ?

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

शाळेत असताना नकाशावर पट्टी ठेवून गावागावांतलं अंतर मोजायचा खेळ आपल्यापैकी बहुतेकांनी खेळला असेल. आज तोच खेळ पुन्हा खेळू या. पट्टीचं एक टोक मुंबईवर ठेवा आणि दुसरं दिल्लीवर. सरळ रेषेत साधारण १,१४० किलोमीटर भरतात. पट्टी कोलकात्याकडे वळवली तर साडेसोळाशेच्या आसपास. आता ती वायव्येला न्या, काठेवाडवरून, कच्छवरून, आणि टेकवा कराचीवर. अंतर किती? पावणेनऊशे किलोमीटर, फारतर चार-दोन इकडेतिकडे. म्हणजे मुंबईच्या माणसाला दिल्लीपेक्षा कराची जवळ! जेट विमानाला एवढं अंतर कापायला दीड तास पुरतो. वर चढून चहाचा पेला हातात येतो न येतो तोच उतरायची सूचना व्हायची.

‘व्हायची’ असं मी म्हणालो, कारण आज मुंबईहून कराचीला थेट जाणारं विमान नाही. आज ज्याला जायचं असेल तो आधी दुबईला जातो. मुंबई ते दुबई १,९०० किलोमीटरच्या वर, आणि तिथून उलटं फिरून कराचीपर्यंत जवळजवळ १,२००. मधे दुबईच्या विमानतळावर जेवढे तास बसावं लागेल तेवढे वेगळेच. पावणेनऊशेच्या जागी तीन हजारांवर किलोमीटर, दीड तासाच्या जागी अर्धा दिवस, कधी त्याहून जास्त. या दोन शहरांमधला प्रवास पूर्वी लांबचा होता, मग जवळचा झाला आणि पुन्हा लांबचा होऊन बसला. अशी उलटसुलट गोष्ट जगात फारशा शहरांच्या वाट्याला आलेली नाही.

आधी त्या काळाकडे जाऊ, जेव्हा कराची मुंबईचीच होती. शब्दशः. इंग्रजांनी १८४३ मध्ये सिंध जिंकला आणि १८४७ मध्ये तो मुंबई इलाख्याला जोडून टाकला. तो वेगळा झाला १ एप्रिल १९३६ ला. म्हणजे ८९ वर्षं कराचीचा कारभार मुंबईच्या गव्हर्नरच्या हाताखाली चालला. तिथल्या कॉलेजातली मुलं मुंबई विद्यापीठाच्या परीक्षा देत. तिथले प्रतिनिधी मुंबईच्या कायदे मंडळात बसत. सिंधमध्ये सरकारी शिक्षणाचा पाया घालणाऱ्यांत एक मराठी माणूस होता, शिक्षणखात्यातले अधिकारी नारायण जगन्नाथ वैद्य. १८५५ मध्ये कराचीत निघालेल्या शाळेला पुढं त्यांचं नाव मिळालं आणि बंदर रोडवरची ती शाळा आजही त्याच नावानं ओळखली जाते. रस्त्याचं नाव बदललं, देश बदलला, शाळेचं नाव तेवढं राहिलं.

पण कारभार एक असला तरी वाट सोपी नव्हती. मुंबईहून कराचीला जायचं तर मुख्य मार्ग पाण्याचा. सुमारे ५०० सागरी मैलांचा. आगबोट अरबी समुद्रात साधारण दोन दिवस हिंदकळत जायची आणि पावसाळ्यात तर काही विचारू नका. आगगाडीचा मार्ग होता, पण सरळ नव्हता. किनाऱ्याकिनाऱ्यानं रूळ टाकावेत तर मधे कच्छचं रण आडवं. म्हणून अहमदाबाद, मारवाड, मग वाळवंटातून हैदराबाद (हे सिंधमधलं हैदराबाद, आपल्या शेजारचं नव्हे) आणि तिथून कराची, असा वळसा. रुंद रूळ, अरुंद रूळ, गाडी बदला, सामान उतरवा. मुंबई आणि सिंध थेट जोडणाऱ्या रेल्वेच्या योजना कित्येक वर्षं कागदावर रंगल्या, रूळ मात्र कधी पडले नाहीत. सिंध वेगळा करा, अशी मागणी जेव्हा तिथले पुढारी करू लागले तेव्हा त्यांच्या कारणांमध्ये हेही एक कारण होतं की, मुंबई फार लांब पडते! हे वाचलं की आज जरा गंमत वाटते.

विमानानं हे चित्र बदललं, आणि त्याची सुरुवात मुंबईत नव्हे, कराचीत झाली. ३० मार्च १९२९ ला इंपीरियल एअरवेजनं लंडन ते कराची अशी टपालाची आणि उतारूंची सेवा सुरू केली. तिला ‘विमानसेवा’ म्हणताना थोडं थांबावं लागतं. लंडनजवळच्या क्रॉयडनहून विमानानं स्वित्झर्लंडमधल्या बाझलला जायचं, तिथून आगगाडीनं इटलीतल्या जिनोआला, तिथून पाण्यावर उतरणाऱ्या विमानानं अलेक्झांड्रिया, मग पुन्हा जमिनीवरच्या विमानानं इराक-इराणच्या कडेकडेनं कराची. एकूण सात दिवस. बोटीला लागणाऱ्या वेळेच्या तुलनेत ही जादूच होती.

कराची त्या काळात पूर्वेचा दरवाजा ठरणार, अशी इंग्रजांची खात्री होती. ती किती, याचा एक पुरावा कराचीजवळ ड्रिग रोडला तीसेक वर्षं उभा होता. तो म्हणजे महाकाय हवाईजहाजासाठी बांधलेला अवाढव्य हँगर. लंडनहून कराचीला वायूनं भरलेली हवाईजहाजं येतील, म्हणून तो आधीच बांधून ठेवला होता. त्यातलं पहिलं जहाज, ‘आर १०१’, ऑक्टोबर १९३० मध्ये कराचीकडे निघालं आणि फ्रान्समध्येच कोसळून पेटलं. ४८ माणसं गेली. हँगरमध्ये ठेवायला जहाज कधी आलंच नाही. रिकामा हँगर लोकांनी ‘काळा छपरा’ म्हणून ओळखायला सुरुवात केली आणि तो १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पाडला गेला.

तर लंडनचं पत्र सात दिवसांत कराचीला पोचू लागलं. पुढं काय? मुंबईच्या व्यापाऱ्याला, मद्रासच्या पेढीला तेच पत्र मिळायला पुन्हा आगगाडीचा तो वळसा. नेव्हिल व्हिन्सेंट नावाचा इंग्रज हवाई दलातून बाहेर पडलेला वैमानिक ही त्रुटी हेरून होता. त्यानं जे. आर. डी. टाटांना योजना सांगितली. कराचीला येणारं टपाल तिथून उचलायचं आणि अहमदाबाद, मुंबई, बळ्ळारी या मार्गानं मद्रासला पोचवायचं. जे. आर. डी. तेव्हा पंचविशीत होते. फेब्रुवारी १९२९ मध्ये त्यांना भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला होता. विमानाचं वेड इतकं की, आगाखानांनी इंग्लंड आणि भारत यांच्या दरम्यान एकट्यानं उड्डाण करणाऱ्या भारतीयाला बक्षीस जाहीर केल्यावर १९३० मध्ये तेही शर्यतीत उतरले. ते कराचीहून पश्चिमेला निघाले आणि अस्पी इंजिनिअर हा कोवळा मुलगा उलट दिशेनं येत होता. इजिप्तमध्ये दोघांची गाठ पडली. अस्पीच्या विमानाचा स्पार्क प्लग गेला होता, तो जे. आर. डीं.नी आपल्याजवळचा काढून दिला. शर्यत अस्पीनं जिंकली. हाच अस्पी पुढं भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला.

टपालाच्या योजनेला सरकारकडून मदत मिळावी म्हणून टाटांनी बरीच खटपट केली. सरकारनं हात वर केले. शेवटी मदत नको, फक्त नेलेल्या टपालाच्या वजनावर पैसे द्या, अशा बोलीवर एप्रिल १९३२ मध्ये दहा वर्षांचा करार झाला. सर दोराबजी टाटांनी दोन लाख रुपये घालायला मान्यता दिली आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत, जून १९३२ मध्ये, ते वारले. पहिलं उड्डाण त्यांना दिसलं नाही.

ते झालं १५ ऑक्टोबर १९३२ ला. कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून सकाळी ६ वाजून ३५ मिनिटांनी जे. आर. डी. एकटेच निघाले. विमान होतं ‘पस मॉथ’, एक इंजिन, वर पंख, आत जेमतेम दोन-तीन माणसांची जागा. सोबत सुमारे २५ किलो टपाल. रेडिओ नाही, खालून मार्ग सांगणारं कुणी नाही. अहमदाबादला उतरले तर इंधनाचे डबे बैलगाडीतून आले. डबे ओतून झाले, पुन्हा उड्डाण, आणि दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी जुहूच्या मैदानात उतरले. सव्वासात तास.

या सव्वासात तासांचा हिशेब जमतो का, ते मी एकदा करून पाहिला. कराची ते अहमदाबाद सरळ रेषेत सुमारे ५९० किलोमीटर, अहमदाबाद ते मुंबई ४४०. एकूण हजाराच्या थोडं वर. पस मॉथ ताशी दीडशे-एकशे साठ किलोमीटरच्या वेगानं जात असे. म्हणजे हवेत साडेसहा तास आणि उरलेला पाऊण तास अहमदाबादचा, बैलगाडी धरून. जुहूला व्हिन्सेंट दुसरं विमान घेऊन तयारच होते. ते टपाल घेऊन बळ्ळारीला मुक्काम करून मद्रासला गेले.

जुहूला तेव्हा विमानतळ म्हणजे समुद्राकाठची चिखलाची पट्टी. पावसाळ्यात ती पाण्याखाली जायची. मग दर वर्षी या सेवेचं बिऱ्हाड पुण्याला हलायचं, येरवड्याच्या मैदानावर. तरीही टपाल वेळेवर पोचायचं. इतकं वेळेवर की, सरकारी विमान खात्यानं वार्षिक अहवालात त्याचं कौतुक केलं. ज्या सरकारनं पैसे दिले नव्हते, त्याच सरकारनं! याच सेवेतून पुढं टाटा एअरलाइन्स आणि १९४६ मध्ये एअर इंडिया झाली. म्हणजे एअर इंडियाच्या कुंडलीत जन्मगाव कराची. व्हिन्सेंट मात्र ते पाहायला राहिले नाहीत. १९४२ मध्ये युद्धाच्या धामधुमीत ते ज्या विमानातून जात होते ते पाडलं गेलं.

पुढची पंधरा वर्षं हे अंतर कमी होत गेलं आणि मग १९४७ साल आलं.

फाळणीच्या गाड्यांबद्दल आपण पुष्कळ ऐकलं आहे, कारण त्या पंजाबातल्या होत्या. कराचीची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथून हिंदू सिंधी निघाले ते मोठ्या प्रमाणात समुद्रमार्गे. १९४७ च्या शरद ऋतूपासूनच बोटी भरभरून मुंबईला येऊ लागल्या आणि ६ जानेवारी १९४८ ला कराचीत दंगल झाल्यावर तर रीघच लागली. ज्याच्याजवळ पैसे तो विमानानं आला, बाकीचे बोटीच्या उघड्या डेकवर बसून. मुंबईच्या धक्क्यावर उतरल्यावर त्यांना कल्याणच्या युद्धकाळातल्या लष्करी छावणीत नेलं. त्याच छावणीचं १९४९ मध्ये उल्हासनगर झालं. लोकलनं जाताना आपण ते स्टेशन किती सहज मागं टाकतो. त्या बराकींत आलेल्या बहुतेकांनी कराचीतल्या घराला कुलूप लावून किल्ली बरोबर आणली असेल, असं मला नेहमी वाटतं. दोन दिवसांच्या वाटेवरचं घर. परत जायला काय लागतंय!

परत जायला काय लागतं, हे हळूहळू कळत गेलं. १९४८ मध्ये परवाना आला, काही वर्षांनी पासपोर्ट आणि व्हिसा आला. तरीही विमानं चालू होती, फाळणीनंतरही काही काळ आगबोटी येत-जात होत्या आणि राजस्थानातून मुनाबाव-खोखरापार अशी आगगाडीही होती. १९६५ च्या युद्धात ती रेल्वे बंद पडली, ती थेट फेब्रुवारी २००६ मध्ये ‘थर एक्स्प्रेस’ या नावानं सुरू झाली आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पुन्हा थांबली. ४१ वर्षं बंद, साडेतेरा वर्षं चालू.

आकाशाची दारं कशी लागतात याचा धडा १९७१ ने दिला. ३० जानेवारी १९७१ ला इंडियन एअरलाइन्सचं ‘गंगा’ हे फोकर विमान श्रीनगरहून जम्मूला जाताना पळवून लाहोरला नेलं आणि तिथं जाळलं. भारतानं उत्तर म्हणून पाकिस्तानी विमानांना आपल्या हद्दीवरून उडायला बंदी केली. पाकिस्तानचे तेव्हा दोन तुकडे होते आणि मधे आपण. कराची ते ढाका सरळ अंतर सुमारे २,३५० किलोमीटर. बंदीनंतर पाकिस्तानी विमानांना कन्याकुमारीला वळसा घालून कोलंबोमार्गे जावं लागलं, साडेचार हजार किलोमीटरच्या वर. याच लांबच्या वाटेनं त्या मार्चमध्ये साध्या कपड्यांतले सैनिक ढाक्याला नेले गेले. एका देशाच्या दोन भागांतलं अंतर एका हुकुमानं दुप्पट झालं होतं. डिसेंबरमध्ये तो देशच एक राहिला नाही.

युद्धानंतर सिमल्याचा करार झाला तो १९७२ मध्ये. करारावर सही करणारे झुल्फिकार अली भुट्टो लहानपणी मुंबईत शिकलेले, कॅथीड्रल शाळेचे विद्यार्थी. त्यांचे वडील सर शाहनवाज मुंबई सरकारात मंत्री होते. असो. विमानं लगेच सुरू झाली नाहीत, त्याला १९७६ उजाडलं. मग मात्र बराच काळ मुंबई-कराची उड्डाण ही नेहमीची गोष्ट होती. लग्नाला जाणारे, मयताला जाणारे, सून आणायला जाणारे, मुंबईतल्या मोठ्या दवाखान्यात मूल दाखवायला आणणारे, असे लोक त्यात असत.

याच काळातली एक गोष्ट सांगायलाच हवी. १५ ऑक्टोबर १९८२ ला, पहिल्या उड्डाणाला ५० वर्षं झाली त्या दिवशी, जे. आर. डी. पुन्हा कराचीहून निघाले. वय ७८. पस मॉथच्या जातीचंच ‘लेपर्ड मॉथ’ विमान, आत पुन्हा एकटेच. अहमदाबादमार्गे जुहू. एका वयोवृद्ध भारतीयाला छोटंसं खासगी विमान घेऊन कराचीहून हद्द ओलांडू द्यावं, असं तेव्हा दोन्ही सरकारांना वाटलं, ही मला त्या उड्डाणाइतकीच महत्त्वाची गोष्ट वाटते.

मग व्हिसाचा फेरा आला. कराचीतली भारतीय वकिलात १९९४ मध्ये बंद झाली. आता हा हिशेब बघा. कराचीच्या माणसाला मुंबईला, पावणेनऊशे किलोमीटरवर, जायचं असेल तर परवानगीचा अर्ज इस्लामाबादला पोचायला हवा. कराची ते इस्लामाबाद अकराशे किलोमीटरच्या वर. मुंबईच्या माणसाला कराचीला जायचं तर त्याचा अर्ज दिल्लीला, तेही तेवढ्याच अंतरावर. दोघांच्या अर्जांना त्यांच्या प्रवासापेक्षा जास्त प्रवास!

संसदेवर हल्ला झाल्यानंतर १ जानेवारी २००२ पासून विमानं पुन्हा बंद झाली, ती दोन वर्षांनी, जानेवारी २००४ मध्ये सुरू झाली. तेव्हा मुंबईत उतरलेल्या उतारूंचे फुलं घेतलेले फोटो छापून आले होते. आणि नोव्हेंबर २००८ मध्ये कराचीहून समुद्रमार्गे दहा जण मुंबईत आले. तेच जुनं आगबोटींचं पाणी. त्यानंतर मुंबईकरांच्या मनातलं कराचीचं अंतर कुठल्याही पट्टीनं मोजता येणार नाही, आणि त्याबद्दल मुंबईकराला दोष देता येत नाही. विमान त्यानंतरही काही वर्षं कसंबसं चाललं. व्हिसा मिळेना, उतारू कमी, तोटा जास्त, कधी बंद कधी चालू, असं करत ते संपलं.

मधल्या काळात कराचीचा ‘पूर्वेचा दरवाजा’ हा मान दुबईनं कधीच नेला होता. यात नशिबाचा एक खेळ आहे. दुबईची एमिरेट्स ही विमान कंपनी २५ ऑक्टोबर १९८५ ला सुरू झाली तेव्हा तिचं पहिलं उड्डाण कुठं गेलं? कराचीला. तेही पाकिस्तानच्याच सरकारी कंपनीकडून भाड्यानं घेतलेल्या विमानांच्या जोरावर. सुरुवातीच्या ठिकाणांत दुसरं नाव मुंबईचं. दोन शेजाऱ्यांचं बोलणं बंद असलं की तिसऱ्या घरातून निरोप जातात, तसं झालं आहे.

फेब्रुवारी २०१९ मध्ये बालाकोटनंतर पाकिस्तानचं आकाश साडेचार महिने मिटलं. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हत्याकांडानंतर दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आकाश बंद केलं आणि ही बंदी महिन्यामहिन्यानं वाढवत नेली. दिल्लीहून अमेरिकेला जाणारी एअर इंडियाची काही विमानं वळसा घालून व्हिएन्नाला इंधनासाठी उतरू लागली. २०२२ मध्ये कंपनी पुन्हा टाटांकडे आली होती. म्हणजे जी कंपनी कराचीच्या धावपट्टीवरून पहिल्यांदा उडाली, तिला आपल्या जन्मगावावरून जायलाही मनाई.

विमानाचं तिकीट परवडणाऱ्यांना निदान दुबईची वाट आहे. ती ज्यांना नाही, अशी काही माणसं आपल्या पालघर जिल्ह्यात आहेत. डहाणू-तलासरीकडची आदिवासी मुलं गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. समुद्रात कुंपण नसतं. मासळीच्या मागं जाता जाता बोट पलीकडं सरकते, किंवा सरकली असं पलीकडचं गस्ती जहाज ठरवतं, आणि ही पोरं कराचीच्या मलीर तुरुंगात जातात. तिकडचे कोळीही असेच आपल्याकडच्या तुरुंगात येतात. शिक्षा काही महिन्यांची असते, सुटका व्हायला वर्षं लागतात. आणि सुटका झाली तरी घरची वाट कशी? कराचीहून आगगाडीनं उत्तरेला लाहोर, सुमारे १,२०० किलोमीटर. लाहोरहून वाघा. चालत हद्द ओलांडायची. मग अमृतसरहून पुन्हा आगगाडीनं दक्षिणेला, आणखी १,७००-१,८०० किलोमीटर. पकडले गेले ते समुद्रात, घरापासून बोटीच्या दोन-तीन दिवसांच्या वाटेवर. परततात ते हिमालयाच्या पायथ्याजवळून, तीन हजार किलोमीटर फिरून. ज्या बोटीनं गेले होते ती बहुतेक वेळा कराचीच्या धक्क्यालाच कुजत पडलेली असते.